आमच्या साडूंनी न लढवलेली निवडणूक

आमच्या साडूंइतका भविष्यकाळात सुखानं नांदणारा माणूस कृष्णेच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नाही. आपण 'पुढच्या आठवड्यात येतो' म्हणतो, तितक्या सहज ते 'पुढच्या शतकात बघू' म्हणायचे. दिवाळीत साताऱ्याला आमच्याकडे आले की गच्चीवर उभे राहून अजिंक्यताऱ्याकडे टक लावून बघत. आमच्या घरात सगळ्यांना वाटे, किल्ला बघतायत. छे! वर यान उतरवायला जागा पुरेल का, हे त्यांचं मनातल्या मनात चाललेलं असे. एकदा त्यांनी मला गंभीर होऊन विचारलं, "साडूभाऊ, वर वारा फार असतो का हो?" मी सहज म्हटलं, "फार." झालं! दोन दिवस माणूस खट्टू. चकलीलासुद्धा हात लावला नाही.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. सांगलीच्या एका सरकारी कचेरीत ते कालव्यांचे नकाशे काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी विज्ञानकथा लिहायचे. त्यांचे अंतराळवीर मंगळावर उतरले तरी डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असायची, आणि गुरुत्वाकर्षण संपलं की ती चटणी यानभर उडायची. हळदीच्या बाजारात एका हमालाला त्यांनी विचारलं होतं, उद्या ही पोती यंत्रमाणूस उचलायला लागला तर तू काय करशील? हमाल म्हणाला, "बसून तमाकू मळीन की वो. पर त्याला बी दुपारची झोप येत आसंलच, तवा मलाच हाक माराल." साडूंनी ते तिथल्या तिथं टिपून घेतलं आणि घरी येऊन कथेतल्या यंत्रमाणसाला दुपारी डुलकी लावली. माझी धाकटी मेव्हणी शैला, म्हणजे त्यांची बायको, सगळ्यांना सांगायची, "यांना दळण आणायला पाठवलं की पीठ येतं, पण दुसऱ्याचं."

त्या वर्षी सांगलीच्याच एका लहानशा दिवाळी अंकात त्यांची कथा आली. पुढच्या शतकात कृष्णेचं पाणी जमिनीखालच्या नळातून चढत चढत थेट जत तालुक्यात जातं, अशी. कथेबरोबर त्यांनी नकाशा दिला, आणि हाताला सवयच ती! उत्तर दिशेचा बाण, प्रमाण, गावांची खरीखुरी नावं आणि कोपऱ्यात 'तपासले' असं लिहून खाली सही. महिन्याभरानं एका सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. त्यातून जत भागातले सतराजण उतरले, प्रत्येकाच्या हातात आपापल्या जमिनीचा सात-बारा. घोंगडी पांघरलेला एक म्हातारा मेंढपाळ त्यांच्या पुढं होता. तो म्हणाला, "सायेब, तुमची लाइन आमच्या गावापास्नं आर्धा कोस हुकलीया. जरा वाकीवता का?"

दुसरा कुणी असता तर 'अहो, ही गोष्ट आहे' म्हणून हसला असता. आमच्या साडूंनी आतून मूळ नकाशा आणला, खोडरबर घेतलं आणि लाइन वाकवली. शैला सतराजणांचा चहा टाकत होती आणि बाहेर खोडरबर चालत होतं. मग दुसऱ्या गावाची तक्रार, मग तिसऱ्याची. दुपारपर्यंत तो नळ सापासारखा वळवळत सगळ्यांच्या शिवारातून गेला. आपलं म्हणणं ऐकून कागदावर काढणारा माणूस त्या लोकांनी जन्मात पहिल्यांदाच पाहिला असावा. जाताना म्हातारा म्हणाला, "टँकरच्या मागं पळून आमचं पाय गेलं. जिल्हा परिषदेला तुमी हुबं ऱ्हावा."

आणि हे तयार झाले की हो! सरकारी नोकराला निवडणूक लढवता येत नाही म्हणून राजीनामा लिहिला. साहेबसुद्धा तो मंजूर करायला जरा जास्तच उत्साहानं तयार होते. पेन्शनला सहा वर्षं राहिलेली, मुलगी कॉलेजात. शैलाचा मला फोन आला, "भाऊजी, उद्या तीनपर्यंत अर्ज भरायचाय. ते तुमचंच ऐकतील. या हो." मी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालो आणि अकराच्या आत सांगलीत हजर झालो.

थोरला साडू म्हणून घरात माझ्या शब्दाला वजन होतं, ते मी पुरेपूर वापरलं. म्हटलं, "राजकारणाला बारा गावचं पाणी प्यालेली माणसं लागतात. तुम्हाला मिरजेचं पाणीसुद्धा बाधतं! कागदावरचं पाणी चढतं हो, पण हे लोक खरं मागतील, तेव्हा कुठून देणार? त्यांना फसवल्यासारखं होईल." हे शेवटचं वाक्य त्यांना लागलं. राजीनाम्याची घडी घालून त्यांनी ती पुस्तकात ठेवली. अर्ज भरायला न्यायला येऊन दारात थांबलेल्या म्हाताऱ्याला स्वतः जाऊन सांगितलं, "मला जमणार नाही." म्हाताऱ्यानं घोंगडी सावरली. माझ्याकडे बघून म्हणाला, "पानी न्हाई आलं तरी चाललं आसतं वो पावणं. ते येतंय आसं धरून चालनारा येक मानूस तितं बसाय पायजे व्हता."

नोकरी राहिली, पेन्शन मिळाली, मुलीचं लग्न झालं. मी जे जे म्हटलं होतं ते सगळं खरं ठरलं. फक्त साडूंनी त्यानंतर एकही कथा लिहिली नाही. विचारलं तर म्हणायचे, "सुचत नाही हो." तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

दहा दशकांच्या गोष्टी करणारा हा माणूस मग मधली सहा-सात वर्षं उद्याचंसुद्धा बोलला नाही. शतक संपत आलं होतं. एका संध्याकाळी आम्ही तिघं कृष्णेच्या घाटावर बसलो होतो. पाण्यावर ऊन पिवळं पडलं होतं. शैलाच एकदम म्हणाली, "हे निवडून आले असते तर काय झालं असतं हो, भाऊजी?"

मी म्हटलं, "पहिल्याच सभेत यांनी ठराव मांडला असता, की अजून जन्मले नाहीत त्यांच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवा."

"आणि तिच्यावर कुणाचा तरी मेव्हणा येऊन बसला असता!" शैला म्हणाली. मग पाण्याकडे बघत, "मी प्रचाराला गेले असते. तिकडच्या बायकांसाठी कानडी शिकले असते. आणि पाणी आल्यावर पहिली ओटी मीच भरली असती."

"इतक्यात नाही," साडू म्हणाले. आम्ही दोघं चमकून बघायला लागलो. "पहिली सात वर्षं नुसते अर्ज. मग नळ येतात, पण चुकीच्या मापाचे. पाणी चढतं ते आपण म्हातारे झाल्यावर. आधी एका गावात येतं. बुळबुळीत, गढूळ. मेंढरंसुद्धा आधी बिचकतात, मग तोंड लावतात." ते बोलत होते आणि नदी हळूहळू दिसेनाशी होत होती. नकाशातल्या सगळ्या गावांत त्यांनी पाणी खेळवलं. इतक्या वर्षांत त्यांनी काही लिहिलं नव्हतं, पण हे सगळं त्यांच्याजवळ तयार होतं.

मला राहवलं नाही. विचारलं, "आणि यात मी कुठं असतो?"

"तुम्ही साताऱ्यात, सुखरूप," ते मायेनं म्हणाले. "बाकी जग मी आहे तसंच ठेवलंय. फक्त त्या सकाळची तुमची एसटी चुकवली. तेवढं पुरतं."

त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "चुकायला हवी होती हो," मी म्हणालो, आणि ते अगदी मनापासून म्हणालो.