बगांच्या यादीतली तक्रार

आमच्या ग्रुपमधले सगळे स्वतःला फार पुढारलेले समजायचे. कुणालाही फुकट वापरता-बदलता येणारं खुलं सॉफ्टवेअर वापरायचं, एकमेकांना फुकट शिकवायचं, महिन्यातून एक रविवार मुलुंडला एका कोचिंग क्लासच्या वर्गात जमायचं. क्लासचा मालक आमच्यातलाच. वर्ग फुकट द्यायचा, वर एसी लावायचा, म्हणून त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा त्याला सर म्हणायची.

छळविरोधी नियमावली? होती ना! कुठल्यातरी परदेशी ग्रुपची उचलून जशीच्या तशी वेबसाइटवर डकवलेली. हॉटेलच्या खोलीत कसं वागू नये, तेही त्यात होतं. आम्ही बापजन्मात हॉटेलात जमलो नव्हतो. ग्रुपच्या पाच जणांच्या कमिटीत मी एकटी बाई, आणि ती नियमावली शेवटपर्यंत वाचलेली बहुधा मीच एकटी.

विक्रोळीची एक मुलगी यायला लागली. तिच्या मावशीला दिसत नाही, म्हणून मराठी मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम लिहीत होती. काम झकास, पण एका जागी अडलं होतं आणि मदत करू शकणारी माणसं आमच्याकडेच होती. सरांनी हजेरीच्या कागदावरून तिचा नंबर उचलला. आधी 'पोचलीस का?', मग 'आज केस मोकळे छान दिसत होते', मग 'एकटी ये ना एकदा क्लासवर, शिकवतो'. तिने ते मेसेज मला दाखवले.

"ताई, मला इथे यायचंय. फक्त हे थांबवा ना."

मी कमिटीला सांगितलं. तर त्या शहाण्यांनी काय करावं? प्रोग्राममधले बग, म्हणजे चुका, नोंदवायची आमची एक यादी होती, कुणालाही उघडून बघता येणारी. तिच्यात टाकली तक्रार! "पारदर्शकता पाहिजे ना गं," एक जण मलाच समजावत होता. नाव लिहिलं नव्हतं म्हणे. अरे, नियमित येणाऱ्या बायका दोन, त्यातली एक मी, पंचेचाळिशीची! शेंबड्या पोरालाही कळलं असतं. खाली बगाबद्दल विचारतात तेच प्रश्न सुरू: नेमकं कसं घडलं ते क्रमाने लिहा, स्क्रीनशॉट जोडा, पुन्हा करून दाखवता येतं का? सरांनी स्वतः लिहिलं, 'भावना दुखावल्या असतील तर सॉरी.' त्यावर आठ अंगठे.

तिने ग्रुप सोडला. कमिटीने लगेच शेरा मारला: तक्रारदार आता सदस्य नाही, सबब बंद. लाज कशाशी खातात हे माहीत नसलेली माणसं! आठवलं की अजून किळस येते.

पुढच्याच महिन्यात सर्वसमावेशकतेवर कार्यक्रम ठरला, त्याच वर्गात. बोलायला एक तरुण मुलगी हवी होती. विक्रोळीच्या त्या मुलीलाच फोन करायचं काम माझ्यावर आलं, आणि मी केला. म्हटलं, या निमित्ताने तिचं अडलेलं काम तरी कुणी बघेल.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तक्रार बंद करायचं ठरलं तेव्हा तुम्ही कमिटीत होतात ना?"

"होते."

"मग काय म्हणालात?"

सरांना काढलं तर वर्ग हातचा जाईल, असं कुणीतरी म्हणालं होतं आणि मी मान हलवली होती.

"तुझा प्रोग्राम कुठवर आला गं?" मी विचारलं.

"सोडून दिला," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.