तीती एनेइदाची बिनरांगेची सहल

आमच्या बेटावरच्या याउको गावात ती पिवळी शाळाबस वळणावर दिसली की कुत्रीसुद्धा रस्ता सोडून कडेला होतात. बस एनेइदा रोसादोची आहे, आणि एनेइदाला हॉर्न वाजवायला आवडत नाही. ती खिडकीतून तोंड बाहेर काढते, तेवढं पुरतं. सारा गाव तिला ‘तीती’ म्हणतो. तीती म्हणजे आत्या, मावशी, काकू, जे लागेल ते. तिच्या बसमधून शाळेत गेलेली पोरं पुढं पोलीस झाली, नर्स झाली, एक तर चक्क पाद्री झाला, आणि त्यालाही ती अजून दटावते, “पाय पुसून चढ रे, फादर.”

शाळा तिची स्वतःची आठवीतच सुटली. पण समुद्राकाठी कुणी पैसेवाल्यानं कुंपण घातलं, की हातात फलक घेऊन पहिली पोचणार ती एनेइदा. किनारे लोकांचे आहेत हे तिला कुणा वकिलानं शिकवलं नाही. वकिलांनाच तिनं दोनदा ऐकवलंय. नवरा समुद्रापलीकडच्या, थंड हवेच्या हार्टफर्डला कामाला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. ती कुणापुढं रडली नाही. फक्त त्या वर्षापासून जूनमधला फादर्स डे तिच्या घरात उगवायचा बंद झाला. कॅलेंडरवर असेल तर असो बापडा. मुलगा होआमील तेव्हा लहान होता. त्यानंही कधी विषय काढला नाही.

होआमील आता औषधांच्या कारखान्यात आहे. बायको यारेलीस, मुलगी नाइश्का. दर जूनमध्ये हे तिघं विमानानं ऑर्लँडोला, त्या जगप्रसिद्ध करमणुकीच्या नगरीत जायचे. विमानतळावर सोडायला बस एनेइदाचीच. जाताना गाणी, आरडाओरडा, खिडकीतून बाहेर काढलेले हात. येताना मात्र रिकाम्या सीटांची बक्कलं तेवढी खुळखुळायची, आणि तो आवाज एनेइदाला अजिबात सहन व्हायचा नाही.

यंदा तीन राजांच्या सणाला, जानेवारीत, अंगणात सगळे जेवायला जमले होते. केळीच्या पानात बांधलेले पास्तेल उकळत होते. यारेलीस म्हणाली, “सासूबाई, या वर्षी तुम्हीही चलाच. काय नाही तिथं? किल्ला आहे, जंगल आहे, समुद्री चाचे आहेत.”

“चाचे?” एनेइदानं डाव खाली ठेवला. “अगं, सान हुआनला खराखुरा किल्ला उभा आहे! चाचे खरोखरचे आले होते, आणि आपण त्यांना हाकलून लावलं. आता पैसे भरून खोटे बघायला जायचं?”

“पण इथं पाळणे नाहीत, आजी,” नाइश्का म्हणाली. अकरा वर्षांची पोर, पण हाताची घडी घालून बसली की न्यायाधीश वाटावी.

“माझी बस आहे की. आदहुन्तासच्या घाटात माझ्यामागं बस एकदा. पाळणे विसरशील.”

“ते मात्र खरं आहे,” एनेइदाचा थोरला भाऊ मोंचीन म्हणाला. “त्या घाटात मी प्रत्यक्ष देव पाहिलाय. हात हलवून बोलवत होता.”

सगळे हसले. एनेइदा हसली नाही. तिनं नातीसमोर खुर्ची ओढली. “गेल्या वर्षी सगळ्यात भारी काय होतं तिथं?”

“उडती गाडी!”

“किती वेळ उडाली?”

नाइश्कानं विचार केला. “एक गाणं संपायच्या आत खाली आलो.”

“आणि रांगेत?”

पोरीनं आईकडं चोरून बघितलं. “रांगेत माझ्या मोबाइलची बॅटरी संपली. मग बाबांच्या मोबाइलची संपली. मग बाबाच संपले.”

एवढी फट एनेइदाला पुरे होती. “ऐका सगळे! येत्या जूनमध्ये सुट्टी माझ्या बसमधून. बेट आपलं, बस आपली. आणि माझ्या सहलीत एकाही रांगेत उभं राहायचं नाही. एकाही! कुणी रांगेत उभं राहिलं, तर मी हरले.”

“हरलीस तर?” न्यायाधीश.

“हरले तर पुढच्या वर्षी तुमच्याबरोबर तिकडं येईन. तिथं सगळे घालतात ते उंदराचे कान डोक्यावर घालून तुझ्यामागून फिरेन. आणि बेटावरच्या सुट्टीचं नाव जन्मात काढणार नाही.”

समुद्रकिनाऱ्यांची तीती, डोक्यावर उंदराचे कान घालून! मोंचीननं छातीवर क्रूसाची खूण केली. एनेइदाचं तोंड नेहमीच डोक्याच्या पुढं धावतं. आपण काय बोलून बसलो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. पण मागं फिरेल ती एनेइदा कसली.

“आणि जिंकलीस तर?”

“तर दर जून माझा.”

नाइश्कानं हात पुढं केला. पैज लागली.

जून उजाडला. एनेइदानं बस धुतली, मधल्या काही सीटा काढून तिथं झोपायच्या झोळ्या, बर्फाची पेटी आणि टायरच्या फुगवलेल्या ट्यूबा भरल्या. मोंचीननं आपला गुइरो घेतला. वाळलेल्या भोपळ्यावर खाचा पाडलेलं वाद्य ते, काडीनं खरखर घासायचं. “तेवढं घरी ठेव,” एनेइदा म्हणाली. “मग मीही घरी राहतो,” तो म्हणाला. गुइरो आला.

पहिल्या दिवशी तानामा नदी. ट्यूबवर उताणं पडायचं आणि नदी नेईल तिकडं जायचं. नदी शिरते थेट डोंगराच्या पोटात. गुहेत काळोख, वर वटवाघळं, आणि पाण्याचा असा गारवा की यारेलीसनं सासूबाईंच्या नावानं जी किंकाळी मारली ती सात वेळा परत ऐकू आली. पलीकडच्या तोंडातून उन्हात बाहेर पडले तेव्हा नाइश्काचे डोळे बशीएवढे झाले होते.

“कसं होतं?” एनेइदा अधीर झाली होती.

“बरं होतं,” न्यायाधीश म्हणाली, आणि ट्यूब ओढत पुन्हा वरच्या बाजूला पळाली.

मुक्काम एका चुलतबहिणीकडं. आमच्या बेटावर प्रत्येक गावात एक चुलतबहीण असतेच, आणि तिच्याकडं तुरीच्या हिरव्या दाण्यांचा भातही असतो. पोर झोळीत झोपली. मोबाइल बसमध्येच राहिला होता, आणि तो कुणी शोधलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पोसा क्लारा. खडकांनी वेढलेलं समुद्राचं तळं, एनेइदा लहानपणी तिथंच पोहायला शिकलेली. पायवाटेच्या तोंडाशी गेले तर तिथं नवंकोरं लोखंडी फाटक, मागं नव्या बंगल्यांची वसाहत, आणि टोपी घातलेला एक पहारेकरी. एनेइदाच्या डोक्यात तिडीक गेली. हॅंडब्रेक असा ओढला की मोंचीन पुढच्या सीटवर आला.

“खासगी रस्ता आहे, बाई,” पहारेकरी म्हणाला. मग त्यानं टोपी वर केली आणि त्याचा चेहरा पडला. “अरे देवा. तीती?”

“हादिएल! तिसऱ्या सीटवर उलटी करणारा हादिएल! ती सीट मी हातानं घासली होती रे! आणि तू मला समुद्र बंद करतोस?”

“तीती, माझी नोकरी जाईल. साहेबांना विचारावं लागेल. जरा थांबा.”

“थांबतो. पण कसे थांबतो ते बघ.” तिनं सगळ्यांना खाली उतरवलं आणि बर्फाच्या पेटीचं झाकण काढून त्यावर ढोलासारखी थाप दिली. मागून दोन गाड्या आल्या. त्यांतली माणसंही पोहायलाच आलेली, तीही टॉवेल खांद्यावर टाकून मागं येऊन उभी राहिली.

नाइश्कानं आजीची बाही ओढली. “आजी, ही रांग झाली.”

एनेइदाचं तोंड तयारच होतं. “रांग? रांगेत माणूस गप्प उभा राहतो. हा मोर्चा आहे. ओरड!”

“काय ओरडू?”

“समुद्र कुणाचा?”

“आमचा!” पोर ओरडली. आधी लाजत, मग घसा फाटेपर्यंत. यारेलीस ओरडली, होआमील ओरडला, मागची अनोळखी माणसं ओरडली. मोंचीनचा गुइरो पेटला. वसाहतीच्या खिडक्या उघडल्या. हादिएल फोनवर कुणाला तरी म्हणाला, “साहेब, ऐकताय ना? कायदा त्यांच्या बाजूनं आहे, आणि ती बाई मला ओळखते.” मग किल्ल्यांचा जुडगा वाजला. फाटक उघडताना तो हळूच हसत होता.

त्या दिवशी नाइश्का पाण्यातून बाहेर यायलाच तयार नव्हती. निवाडा विचारला तर म्हणाली, “मोर्चा मान्य. पण अजून उद्या आहे.”

उद्या म्हणजे रविवार, शेवटचा दिवस. ग्वाबाते. डोंगरातल्या रस्त्याच्या दुतर्फा अख्खी डुकरं निखाऱ्यावर फिरवणारी दुकानं. असं भाजलेलं मांस आणि वरचं कुरकुरीत कातडं, की कातड्याच्या तुकड्यावरून सख्खे भाऊ भांडावेत. हा एनेइदाचा हुकमाचा एक्का होता. सकाळी होआमील नवा, इस्त्रीचा शर्ट घालून बसमध्ये चढला.

“डुक्कर खायला नवा शर्ट?” ती म्हणाली. “डाग पडेल.”

“असंच, आई.”

घाटात गुलमोहर लालभडक फुललेले. वळण आलं की नाइश्का दोन्ही हात वर करून किंचाळायची, जणू उडत्या गाडीतच बसलीय, आणि एनेइदा खुशीत येऊन पुढचं वळण जरा जास्तच झोकात घ्यायची. मग एका वळणानंतर अचानक गाड्याच गाड्या. मुंगीच्या पावलानं बस वर सरकू लागली.

“ही रांग धरायची का, आजी?”

“आपण बसलेले आहोत. पैज उभं राहण्याची आहे.”

पण दुकान समोर आलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. माणसांची रांग दारातून निघून अंगणाला वळसा घालून रस्त्यापर्यंत आलेली. दर रविवारी गर्दी असते, पण अशी? तेवढ्यात तिला छपराला बांधलेला कापडी फलक दिसला. बाबांना शुभेच्छा, असं काहीसं लिहिलेलं. खाली सगळीकडं नव्या, इस्त्रीच्या शर्टातले बाप, खांद्यावर पोरं घेतलेले.

“आई, बस वळव,” मागून होआमील म्हणाला. “खाली कुठंतरी भजी खाऊ. इथं उतरलीस तर हरशील.”

एनेइदानं वरच्या मोठ्या आरशात बघितलं. त्याच आरशातून तिनं गावाची पोरं सांभाळलेली. सगळ्यात मागच्या सीटवर तिचा मुलगा बसला होता, लहानपणी बसायचा तिथंच. केस मागं विंचरलेले, शर्टाला एक सुरकुती नाही.

“सकाळी शर्टाचं विचारलं तेव्हा बोलला का नाहीस?”

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “आपल्याकडं हा दिवस नसतो ना.”

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. वळवायला जागा होती. बस वळली असती, पैज जिंकली असती, दर जून तिचा झाला असता. तिच्या डोळ्यांपुढून कान घातलेली ती स्वतः जाऊन आली, रिकामी बस जाऊन आली. मग तिनं बस कडेला घेतली आणि हॅंडब्रेक ओढला.

“उतरा. सगळे.”

“आजी, रांग आहे!”

“दिसतेय मला. तुझ्या बापाला कातडं खायचंय. आज त्याचा दिवस आहे, आणि तो मी बरीच वर्षं बुडवलाय. उभे राहूया.”

उतरताना होआमीलनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

ऊन तापलेलं. सगळे रांगेच्या शेपटाशी जाऊन उभे राहिले. मग पुढच्या कुटुंबातल्या म्हाताऱ्यानं पिशवीतून डफ काढला, आणि मोंचीनला आणखी काय हवं होतं? गुइरो खरखरला, डफ घुमला, कुणीतरी बाटलीवर चमचा वाजवू लागलं. रांग कमरेतून हलायला लागली. म्हाताऱ्यानं नाइश्कापुढं टोपी काढून वाकून हात पुढं केला. पोर लाजून आईच्या मागं गेली, मग आईनंच तिला ढकललं. पाऊल चुकलं, पुन्हा टाकलं, पुन्हा चुकलं. “खाली बघू नकोस, बाई,” म्हातारा म्हणाला, “पायांना ठाऊक असतं.” आणि एकदम ते जमलं! तिनं अशी गिरकी घेतली की लोकांनी टाळ्या पिटल्या. होआमील बायकोला घेऊन नाचला. शर्ट घामानं चिंब झाला.

रांग पुढं सरकली तसं एनेइदाच्या ध्यानात आलं, की आपण सरकत नाही आहोत. नाइश्का मागच्या माणसांना हातानं पुढं पाठवत होती. “तुम्ही जा, काका. जा ना! आमचं गाणं चाललंय.”

“पोरी, भूक लागलीय!” बाप ओरडला.

“हे एक संपू दे, बाबा!”

शेवटी म्हाताऱ्याचं कुटुंबच ताटं भरून बसलं तेव्हा ही मंडळी खिडकीशी पोचली. आत कोयता खटाखट चालत होता. पहिलं ताट एनेइदानं मुलाच्या हातात दिलं, वर कातड्याचा सगळ्यात मोठा तुकडा. मग ती नातीकडं वळली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हरले! एनेइदा रोसादो रांगेत उभी राहिली. पुढच्या वर्षी विमान, आणि कान.”

नाइश्का धापा टाकत होती. केस कपाळाला चिकटलेले. तिनं खिडकीतून आत बघितलं, कोयतेवाल्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. तो इतका हसला की त्याला कोयता खाली ठेवावा लागला. मग त्यानं भाजलेल्या डुकराचे दोन कुरकुरीत कान कागदात गुंडाळून दिले.

“कान आजच घालायचे,” न्यायाधीश म्हणाली. “इथंच. म्हणजे दंड भरला.”

“आणि पुढचा जून?”

“आधी घाल.”

एनेइदानं चहूकडं बघितलं. सगळी रांग बघत होती. तिनं मान ताठ केली, डोक्यावरचा रुमाल सोडून त्यात दोन्ही कान खोचले आणि हनुवटीखाली गाठ मारली. असा जल्लोष झाला की डोंगरावरचे पक्षी उडाले. मोंचीन जमिनीवर बसून हसत होता.

परतीच्या घाटात तेच कान डोक्यावर ठेवून तिनं बस हाकली. समोरून येणारे हॉर्न देत होते. ती राणीसारखी हात हलवत होती. मागं नाइश्काला एकदाचा मोबाइल सापडला होता, आणि ती मैत्रिणीला ओरडून सांगत होती, “अगं, एवढी मोठी रांग होती! आम्ही परत परत शेवटी जात होतो! ... पाळण्याची नाही गं, डुकराची! ... नाही, तू ये ना पुढच्या वर्षी. आजीच्या बसमध्ये जागा आहे.”

एनेइदानं आरशात बघितलं. होआमील मागच्या सीटवर शर्टावर डाग पाडून गाढ झोपला होता. तिनं कानाचा एक कोपरा मोडून तोंडात टाकला आणि पुढचं वळण झोकात घेतलं.