बोंबलांची राखण

पनवेलचा हिवाळा तो केवढा, एक गोधडी पुरते, असं लोक म्हणतात. म्हणू देत. नव्वदच्या आसपासची ती वर्षं मला विचारा. दारातला आकाशकंदील उतरवला की माझ्या अंगातली ताकदच कुणी काढून न्यायचं. नवीन पनवेलला आमचं घर तळमजल्यावर, मागच्या अंगाला. दिवाळीनंतर सूर्य समोरच्या बिल्डिंगच्या आडूनच जायचा. भरदुपारी ट्यूबलाइट. मी भाजी चिरायला बसायची आणि विळीपुढे तशीच बसून राहायची. वार कोणता, तेही कळायचं नाही. होळी आली की आपोआप माणसात.

सासूबाई म्हणायच्या, "सुख बोचतंय हिला." आमचे हे अंधारात कामावर जायचे, अंधारात यायचे आणि टॉनिकची बाटली ठेवायचे. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. रक्त काय होळीला वाढतं?

माझी आई करंजाची, मासळी विकणारी. एकदा सकाळच्या एसटीनं आली, दारातून माझ्याकडे बघितलं आणि डोक्यावरची पाटी उतरवली. बर्फाखाली ताजे बोंबील.

"गो बाय, उन्हात बस सांगितलं तर तू बसायची नाय. म्हणून हे आणलंय. गच्चीवर दोऱ्या बांध नि सुकव. बोंबलांला राखण लागते. कावले टपलेलेच. उठलीस का गेले!"

आता ही राखण मला लहानपणापासून ठाऊक. जबड्यात जबडा अडकवून जोडी दोरीवर टाकायची आणि खाली काठी घेऊन बसायचं. बसले. पाठीवर ऊन आलं. दुसऱ्या दिवशी कावळ्यांना अशा शिव्या घातल्या की माझाच आवाज मला नवा वाटला. जेवताना मागून भात घेतला. सासूबाईंनी ते बघितलं. पाटी संपली की आई दुसरी पाठवायची.

आणि एक दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या बाई न्हाऊन, केस वाळवायला वर आल्या. नेमका त्यांच्या कपाळावर बोंबलाचा थेंब पडला.

"अहो, आज मार्गशीर्षातला गुरुवार! घरी घट मांडलाय मी!"

"गुरुवार आहे होय? मला वाटलं मंगळवार."

खरंच वाटलं होतं हो. पण बाईंना वाटलं मी थट्टा करते. आरडाओरडा ऐकून सासूबाई वर आल्या. गुडघे दुखतात म्हणून कधी जिना न चढणाऱ्या! येऊन म्हणाल्या काय, तर "आमच्यात नाही हो असलं, हिच्या माहेरचं आहे." संध्याकाळी गच्चीला कुलूप.

मी पुन्हा ट्यूबलाइटखाली. आठवडाभरात विळीपुढे हात थांबायला लागले. घाबरले. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले, म्हटलं, बोंबील राहू देत, मला उन्हात बसायला तरी चावी द्या.

"ऊन? ऊन काय रेशनवर मिळतं का बाई?" आणि बायकोकडे बघून हसले.

असा संताप आला! त्या हिवाळ्यात अंगाला ऊब दिली ती त्या संतापानं. आईला निरोप धाडला, मोठी पाटी पाठव. आमच्या आवारात सकाळी फाटकापाशी तेवढं ऊन पडायचं. फाटकाच्या खांबापासून पंपाच्या खोलीपर्यंत दोरी बांधली, बोंबील टाकले आणि काठी घेऊन खाली बसले. ऑफिसला निघालेला प्रत्येक जण बोंबलांखालून वाकून गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई नाकाला पदर लावून वाकल्या. शेवटी सेक्रेटरी आले, इस्त्रीच्या शर्टात.

"हे काय चालवलंय?"

"राखण. गच्ची उघडा, नाहीतर वाका."

दोन दिवस वाकले. मग चावी आली. कुणी हातात दिली नाही, उंबऱ्यावर टाकून गेले. उचलून घेतली.

ती पुढं माझ्याकडेच राहिली. कुणाला केस वाळवायचे असोत की गादी, माझ्या दाराशी येऊन मागावी लागायची. मी कधी नाही म्हटलं नाही. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आल्या की चावी मुठीत धरून विचारायची, "आज वार कोणता हो?" त्यांनी सांगितल्यावरच मूठ उघडायची.