आईचे पोचे पडलेले डबे

शाळेच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी माझ्याबद्दल इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता, सिस्टिमॅटिक. भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत तो पहिल्यांदाच आला. आईने विचारलं, "म्हणजे काय गो?" मी ऐटीत सांगितलं, "ज्याची प्रत्येक वस्तू जागच्या जागी असते तो." भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मग मी पण तशीच आसंय." मी खो खो हसले.

हसायचं कारण समोर फळीवर होतं. बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात तूरडाळ, दूध पावडरच्या डब्यात रवा, पोचे पडलेल्या स्टीलच्या डब्यात साखर, सुतळी गुंडाळलेल्या बरणीत मीठ. चहाच्या डब्यावर झाकण भलत्याच डब्याचं. एकाला एक जुळत नव्हता.

हा शब्द आमच्याकडे ठरावीक माणसांनाच लावतात. लग्न जुळवताना मुलगी सिस्टिमॅटिक असते, सोसायटीचे सेक्रेटरी असतात, औषधं वेळेवर घेणारे काका असतात. ऑफिसात फायलींना लेबलं लावून मी तो आयुष्यभर मिरवला. आईला मात्र तो कुणी लावला नाही. तिच्या फळीला आम्ही भंगार म्हणायचो, तेही तिच्या तोंडावर.

वडील गेल्यावर मी तिला मुलुंडला माझ्याकडे बोलावलं. आली नाही. सकाळचा चहा आपल्या हातचा, आपल्या घरात, एवढीच तिची अट होती, आणि ती मोडायची माझी हिंमत नव्हती.

गेल्या वर्षी ती गणपतीला गावी गेली. घराची किल्ली माझ्याकडे होती, आणि माझे हात शिवशिवत होते. एकाच मापाच्या दोन डझन पारदर्शक बरण्या आणल्या, मोठ्या अक्षरांत लेबलं चिकटवली, जुने डबे भंगारवाल्याला दिले. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. "झकास!" असे अकरा जण म्हणाले. मी मोजलेही, खोटं कशाला बोलू.

आई परत आली, फळीसमोर जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बरा दिसता."

दोन दिवसांनी शेजारच्या काकूंचा फोन आला. "अगं, तुझ्या आईने मला मिठाचा चहा दिला. स्वतःही प्यायल्या, चकार शब्द काढला नाही."

एवढ्या मोठ्या अक्षरांतलं लेबलही तिला दिसलं नाही, म्हणून मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, तोही जुना. गेलेली नजर परत येत नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि मग मला विचारलं, "या एकट्या स्वयंपाक कशा करत होत्या?"

मला जुनी फळी आठवली. पत्र्याचे कोपरे, सुतळी, पोचे, नीट न बसणारं झाकण. ती बोटांनी बघत होती, आणि मी सगळं गुळगुळीत करून ठेवलं होतं. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

भंगारवाल्याकडे धावले. माल केव्हाच पुढे गेला होता. मग स्टीलचा एक नवा डबा घेतला आणि आईच्या ओट्यावर ठेवून बत्त्याने ठोकू लागले. ती स्टुलावर बसून ऐकत होती.

"काय ठोकतंस गो?"

"साखरेचा डबा."

तिने डबा मागून घेतला, अंगठा फिरवला. "पोचो खालच्या अंगाक होतो."

मी खाली ठोकलं. तिने पुन्हा चाचपलं, बराच वेळ. मग डबा माझ्या हातात परत दिला.

"रवांदे गो, पुरे," ती म्हणाली. "आता चाय तूच करीत जा."