कृष्णाजीअण्णांचा वजनकाटा

हेब्बाळच्या ऑफिसात पहिल्या दिवशी मला कुणी पाणीही विचारलं नाही. सत्तरीच्या एका गृहस्थांनी पायाने वजनकाटा पुढे सरकवला आणि म्हणाले, "चढ अम्मा. पर्स घेऊनच चढ."

मी पुण्याची. खरं वजन मी सख्ख्या आईलाही सांगत नाही! म्हटलं, "पंचावन्न लिहा."

"तोंडी वजन आपल्याकडे चालत नाही."

काट्यावर बासष्ट आलं. त्यांनी ते वहीत टिपलं आणि मग माझ्यासाठी कॉफी मागवली. असा राग आला होता म्हणून सांगू!

हे कृष्णाजीअण्णा. चार पिढ्या येलहंक्यात गेलेलं मराठा घर, त्यामुळे बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. सरकारी विमान कारखान्यात बत्तीस वर्षं वजन विभागात होते. निवृत्तीनंतर आमच्याकडे आठवड्यातून तीन दिवस सल्लागार म्हणून यायचे. आम्ही परदेशी बनावटीची चार आसनी खाजगी विमानं विकायचो. जाहिरात माझ्याकडे होती आणि नागराज आमचा साहेब.

जाहिरातीत एक तक्ता होता. आमचं विमान एका दमात चौदाशे किलोमीटर जातं, दुसऱ्या कंपनीचं साडेअकराशे. आकडे निर्मात्यांनीच पाठवलेले, एकही खोटा नाही. फक्त आमच्या आकड्यावर एक तारा होता, आणि खाली तळटीप: 'फक्त वैमानिक, टाकी पूर्ण भरलेली.' दुसऱ्यांचा आकडा मात्र चार माणसं बसवून आणि वर तासाभराचं इंधन राखून काढलेला. ती तळटीप तक्त्याचं रूप बिघडवते म्हणून मीच ती मुंगीएवढी केली होती. वर स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

तो तक्ता पाहून डॉक्टर अहल्या आल्या. डोळ्यांच्या सर्जन. महिन्यातून दोनदा बिदरकडच्या खेड्यात मोतीबिंदूची शिबिरं घ्यायच्या. वैमानिक, दोन सहायक आणि त्या स्वतः, शिवाय उपकरणांच्या पेट्या. तिथे एका कारखान्याची धावपट्टी होती, पण विमानाचं इंधन मिळत नव्हतं. जाऊन येऊन अकराशे किलोमीटर. "तुमचं चौदाशे जातं, म्हणजे प्रश्नच मिटला," असं म्हणून त्या सही करायला तयार झाल्या. सहीआधी एक चाचणी उड्डाण ठरलं.

त्या सकाळी विमानापाशी अण्णा काटा घेऊन हजर! डॉक्टर चढल्या, सहायक चढले, वैमानिक चढला, पेट्या चढल्या. सगळं मिळून तीनशे पंचवीस किलो. अण्णांनी मला बाजूला घेतलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"विमान इंधनासकट सगळं मिळून चारशे तीस किलो उचलतं. तुझा तक्ता आहे, तूच मांड."

मी मांडलं. इंधनाला उरले एकशे पाच किलो. पूर्ण टाकी दोनशे तीसची. म्हणजे अर्धीही नाही. जायला पुरेल, यायला नाही. दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच वजनात जाऊन येत होतं.

"अण्णा, हे आत्ता दाखवायचं म्हणजे माझ्या पोटावर पाय आहे," मी चिडून म्हणाले. "आणि मी खोटं कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलंस. तू एकटा माणूस आणि चार माणसं एका काट्यावर ठेवलीस." मग आवाज खाली आणून म्हणाले, "स्वल्प विचार कर अम्मा. त्या बाई परत निघतील तेव्हा तुझी तळटीप वाचायला त्यांच्याकडे चष्मा असेल का?"

मी तो कागद नेऊन डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी शांतपणे वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि सही न करता गेल्या. पुढे त्यांनी दुसऱ्या कंपनीचं विमान घेतलं.

मला वाटलं, आता माझी नोकरी जाते. दुसऱ्या दिवशी नागराजने मला चकार शब्द विचारला नाही. अण्णांची खुर्ची मात्र रिकामी होती. विचारलं तर म्हणाला, "म्हाताऱ्याने गिऱ्हाईकाला स्वतःच कागद दिला म्हणे. कबूल केलं त्याने. घरी पाठवला."

दोन दिवस मी गप्प राहिले, हे लिहिताना आजही लाज वाटते. तिसऱ्या दिवशी नागराजसमोर जाऊन सांगितलं, "कागद मी दिला. त्यावर अक्षर माझं आहे, डॉक्टरांना विचारा." तो खूप ओरडला. पण मला काढलं नाही, आणि नव्या तक्त्यात दोन्ही विमानांत चार-चार माणसं बसवायला कुरकुरत परवानगी दिली. अण्णांना मात्र परत बोलावलं नाही.

चार महिन्यांनी डॉक्टरांचा निरोप आला: 'काल परतताना समोरून जोराचा वारा होता. उतरलो तेव्हा टाकीत चाळीस मिनिटांचं इंधन होतं. चौघंही घरी पोचलो. तुमचा कागद जपून ठेवलाय.'

मी सगळं टाकून रिक्षाने येलहंका गाठलं. अण्णा अंगणात अबोलीला पाणी घालत होते. मी निरोप वाचून दाखवला, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडले. "अण्णा, तुम्ही नसता तर ती चार माणसं माझ्या नावावर गेली असती. आणि माझी नोकरी वाचवायला तुम्ही स्वतःची घालवलीत! कसे फेडू हो हे उपकार?"

"सरी, सरी, असू दे, ऊठ." ते गडबडले. निरोप स्वतः पुन्हा वाचला, चष्मा काढून डोळे पुसले. मग आत जाऊन काटा घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवला.

"आधी चढ. मग कॉफी."

मी पर्स घेऊनच चढले.