वायर हातातच होती

रिसालीतल्या घराचं गेट रंगवण्याआधी मी गंज घासत होते. त्या वासानं खुर्सीपारच्या जुन्या घरातली ती दुपार आठवली.

बाबांच्या जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा बंद पडला होता. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तेही फिजिक्सची. दुरुस्तीही मीच करणार! बाबांना स्टिअरिंगवर बसवून काट्याकडे पाहायला सांगितलं आणि मागे टाकीजवळची गंजलेली वायर काढून घासू लागले.

"उठला व बाई, काटा उठला!" बाबा ओरडले.

"काहीतरीच, बाबा! वायर अजून जोडलीच नाय, माझ्या हातात हाय."

मी हसले, ते हसले नाहीत. बाजूच्या सीटवर सरकत म्हणाले, "आतापासून तूच चालवत जा." मी ऐटीत चावी फिरवली.

बाबांच्या मोतीबिंदूचं पुढे कळलं. पोलाद कारखान्याच्या भट्टीसमोर राबलेल्या त्या डोळ्यांना काटा दिसतच नव्हता, आणि चावी मी बक्षीस समजून घेतली होती.