डाव्या कुशीवरची मूठ

"पोट बोलतय नं? मंग बस." असं स्वतःशीच म्हणत काका गाईच्या डाव्या कुशीत मूठ दाबून उभे राहायचे. आतलं पोट हललं की मूठ वर उचलली जायची. कुळगावात असे एकदोघे तुम्हीही पाहिले असतील. पण काकांच्या चेहऱ्यावर तेव्हा घरचा पाहुणा पोटभर जेवल्याचं समाधान असायचं. गाय एकच, कॅन एकच, आणि घरात ते एकटे.

मी दूध संकलन केंद्रावर फॅट मोजते; काका तिथेच दूध घालायचे. माळावर इमारती झाल्या, सुकं गवत मिळेना, आणि काकांच्या दुधाची फॅट घसरली. आणखी घसरली तर दूध परत जाणार होतं, आणि मग गाय विकावी लागणार, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, तेल पाजा. स्निग्ध खाल्लं की दुधात स्निग्ध उतरेल, इतकी सरळ माझी अक्कल. ते मला शिकलेली समजायचे. उल्हासनगरच्या एका फरसाणवाल्याकडचं तळून उरलेलं तेल आणून ते पेंडीत कालवू लागले. फॅट आणखी उतरली. मी म्हटलं, थोडं वाढवा.

एका सकाळी ते कॅन न घेता आले. "पोट गप झालंय, ताई."

गुरांच्या डॉक्टरांनी मग सांगितलं. गाईच्या पोटात चारा कुजवणारे जंतू असतात, आणि दुधातली फॅट बरीचशी त्यांच्याच मेहनतीची. तेलाने चारा माखतो आणि जंतू मरतात. पोटात पुन्हा जंतू जावेत म्हणून काकांनी शेजारच्या गाईच्या तोंडातला रवंथाचा घास काढून आपल्या गाईला भरवला. जुन्या लोकांचा तो उपाय. दोन दिवसांनी गाय गेली.

काका मला रागावले असते तर बरं झालं असतं. मला रडू आलं नाही, नंतरही नाही. मी मशीन पुसत राहिले.

शहाडला लेकीकडे, तिसऱ्या मजल्यावर, कायमचं जायचं ठरल्यावर ते मला शेजारच्या गोठ्यात घेऊन गेले. माझी मूठ तिथल्या गाईच्या कुशीत दाबून म्हणाले, "कुनाला काय सांगायच्या आधी इथं इचारा."

बराच वेळ काहीच नाही. मग आत काहीतरी सावकाश सरकलं आणि माझी मूठ उचलली गेली. काका दाराशी पाठ करून उभे होते.

"हाललं?"

मी हो म्हटलं.

"मंग बस," ते म्हणाले, आणि मागे न वळता चालू लागले.